अर्धी चावी

हातनको काकांना लहान मुलांतलं सगळं कळत होतं. म्हणजे असं ते स्वतः सांगायचे, आणि इतक्यांदा सांगायचे की वाद घालण्यापेक्षा मान डोलावलेली बरी असं ऐकणाऱ्याला वाटायचं. "पोरगं दुकानाची पायरी चढलं ना, की मी ओळखतो. हे रडणार, हे हट्ट करणार, हे मुकाट्यानं बघून जाणार. उभा जन्म गेला माझा पोरांत!"

उभा जन्म गेला हे खरं. पण पोरांत नव्हे हो, काउंटरच्या मागे. पोरं काउंटरच्या पुढे असायची आणि मध्ये काच होती. त्या काचेवर एखादं चिकट बोट टेकलं रे टेकलं की काकांचा आवाज छताला जाऊन धडकायचा, "हात नको!" त्यावरूनच नाव पडलं. खरं नाव फक्त बायकोला आठवत असेल, आणि तिचं 'अहो'वर भागत होतं.

खेळण्यांच्या दुकानात काका मालक नव्हते, विक्रेते होते. पण तोरा असा की मालकानं दबकत आत यावं. त्यांची खासियत म्हणजे चावीची खेळणी दाखवणं. एक पत्र्याचं अस्वल होतं, पोटाशी ढोल, डोक्यावर लाल टोपी. काका त्याला चावी द्यायचे ती अर्धीच. अस्वल ढोल बडवायला लागायचं, समोरच्या पोराचा आ वासायचा, आणि अगदी रंगात येता येता अस्वल थांबायचं. पोरगं "अजून, अजून" म्हणून नाचायला लागलं की काका शांतपणे नमुना काचेआड ठेवायचे आणि तसल्याच अस्वलाचं बंद खोकं आईबापाकडे सरकवायचे. "पुढचं घरी जाऊन बघा." झालं काम. आईबापाची काय बिशाद, खोकं न घेता पायरी उतरण्याची!

पुढचं काय असतं ते खुद्द काकांनी कधी पाहिलं नव्हतं. गरजच काय? माल खपत होता. कधी एखादी बाई परत यायची आणि म्हणायची, "काका, त्या अस्वलाचं शेवटचं फार गोड आहे हो." काका छाती फुगवून म्हणायचे, "मग! उगाच ठेवतो का आम्ही?" शेवटचं म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला विचारायचं तर इतक्या वर्षांची इभ्रत पाण्यात गेली असती.

पुढे मालक थकला, त्याच्या मुलांनी दुकानात भिंतीच्या रंगाचे डबे भरले आणि काका घरी बसले. निरोप म्हणून नमुन्याची सगळी खेळणी त्यांना मिळाली, खोक्यांसकट. दुसरा कुणी असता तर गल्लीतल्या पोरांना वाटून मोकळा झाला असता. काकांनी सुताराला बोलावून काचेचं कपाट करून घेतलं, खेळणी आत ओळीनं मांडली, खोकी माळ्यावर टाकली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. बायको म्हणाली, "मला घरात आणलंत तेव्हा एवढं जपलं नव्हतंत." ती अजून डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर पुकारायला जायची, त्यामुळे मोठ्यानं आणि थोडक्यात बोलायची तिला सवय होती.

काकांना एकच मुलगी. शाळा सुटली की ती दुकानात येऊन काउंटरखाली बसायची. खेळण्यांच्या इतक्या जवळ बसणारी दुसरी पोर गावात नसेल, आणि हातात काय मिळायचं? रिकामी खोकी. "उघडलेलं खोकं विकलं जात नाही" हा काकांचा कायदा. पोरीनं मग खोक्यांचं घर केलं, खोक्यांची आगगाडी केली, खोक्यांचं लग्न लावलं. खेळणीवाल्याची मुलगी म्हणून वर्गातल्या मैत्रिणी तिच्यावर जळायच्या. तिनंही कधी त्यांचा भ्रम मोडला नाही.

आता ही मुलगी मोठी होऊन रक्त तपासण्याच्या कामाला लागली होती. नवरा जहाजावर, बरेच महिने बाहेर. पदरात चार वर्षांची पोर. पोर अशी लाजाळू, की कुणी नुसतं "काय गं" म्हटलं तरी मान आत, हात आत, पाय आत. आजीनं तिचं नाव गोगलगाय ठेवलं आणि हाक मारायला त्याचं गोगी झालं. गोगी फक्त आईशी बोलायची, तेही कानात.

मुलीला माहेरच्या गावात मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळत होती. पगार चांगला, वेळा बऱ्या, फक्त सकाळी पोरीला कोण बघणार? आजी कामावर. उरले काका. मुलगी म्हणाली, "बाबा, आठवडाभर सुट्टी काढून येते. रोज सकाळी मी बाहेर जाईन, तिला तुमच्याजवळ ठेवून बघू. रमली तर इथंच खोली घेते. नाही रमली तर तिच्या आत्याकडे जाऊ, तिथंही एक नोकरी आहे. आत्याकडे मुलं आहेत, ती रुळेल." आत्याचं गाव म्हणजे रात्रभराचा प्रवास. तिकडे एकदा बस्तान बसलं की मग भेट म्हणजे फोनवर "हॅलो म्हण आजोबांना" आणि पलीकडून नुसता श्वास.

हे काकांना नको होतं. पण तसं दाखवतील तर ते काका कसले! "आठवडा कशाला हवा?" ते म्हणाले. "एका सकाळीत गळ्यात पडेल. पोरांची नाडी मला कळते." आणि हे खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालाही सांगून आले. शिंप्यानं तोंडातली सुई न काढताच हसून दाखवलं.

पहिल्या सकाळी आई गेल्या गेल्या गोगी जेवणाच्या टेबलाखाली शिरली. टेबलावरचा कपडा जमिनीपर्यंत लोंबत होता, त्यामुळे आतून तिला सगळं दिसे आणि बाहेरून तिचे फक्त अंगठे दिसत. काकांनी बाह्या सरसावल्या. कपाट उघडलं, तिपाईवर चादर अंथरली, स्वतः तिपाईच्या मागे ताठ उभे राहिले आणि घसा साफ करून सुरू झाले, "या ताई, या! बघायला पैसे पडत नाहीत! हे आहे ढोलवालं अस्वल. खास पत्रा, पक्का रंग, हाताला लागत नाही, तोंडाला लागत नाही!"

टेबलाखाली काही हललं नाही.

काकांनी अर्धी चावी दिली. अस्वल वाजलं, थांबलं. "पुढचं..." एवढं बोलून काका अडखळले, कारण पुढचं घरी जाऊन बघा म्हणावं तर गिऱ्हाईक घरातच बसलेलं. त्यांनी अस्वल बाजूला ठेवून बेडूक काढला. मग उडी मारणारं माकड. मग शिट्टी वाजवत जाणारी आगगाडी. प्रत्येकाला अर्धी चावी, प्रत्येकाची भलामण, आणि लगेच परत कपाटात. घामानं बनियन भिजलं.

आगगाडी तेवढी टेबलाच्या दिशेनं गेली आणि कपड्याजवळ थांबली. कपडा किंचित हलला. खालून एक इवलासा हात आला, बोट पुढे, अगदी डब्याला टेकणार...

"हात नको!"

काकांनी मुद्दाम नाही म्हटलं. उचकी लागावी तसं ते बाहेर पडलं. पण बाण सुटला तो सुटला. हात गेला, अंगठे गेले, आणि आतून हुंदकेसुद्धा इतके हळू यायला लागले की काकांना ओरडून रडलेलं परवडलं असतं. दुपारी आजी आली तेव्हा पोर टेबलाखाली झोपली होती आणि आजोबा खुर्चीत गाल धरून बसले होते.

"पडली का गळ्यात?" आजीनं विचारलं.

"मुलगी जरा बुजरी आहे," काका म्हणाले.

"हो ना. आणि आजोबा जरा दुकान आहेत."

पुढचे दिवस याच थाटात गेले. काका रोज दुकान मांडायचे, सवयीनं "पुढचं घरी जाऊन बघा"सुद्धा म्हणून जायचे, आणि रोज दुकान बसायचं. आवाज वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. एकदा माकडाचा आवाज काढून पाहिला, तर खालून शिंपी विचारायला आला, काका पडलेबिडले की काय. मग त्यांनी बाजारातून बोलणारी बाहुली आणली. हल्लीची पोरं याच्यावरच खूश असतात, असं त्यांना दुकानदारानं सांगितलं, आणि आयुष्यभर लोकांना हेच सांगून माल गळ्यात मारणाऱ्या माणसाचा त्यावर विश्वास बसला! बाहुली टेबलासमोर ठेवून त्यांनी बटण दाबलं. बाहुलीनं डोळे गरगरा फिरवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्याशी मैत्री करशील?" गोगीनं चड्डी ओली केली.

ती बदलायची कशी हेही काकांना ठाऊक नव्हतं. स्वतःची मुलगी वाढली तेव्हा ते दुकानात होते ना. शेवटी टेबलाखाली टॉवेल सरकवून दिला आणि पाठ करून उभे राहिले. पोरीनं आपलं आपण काय ते निस्तरलं.

त्या दिवशी मुलगी जरा लवकर परतली. दारातच तिनं पाहिलं: तिपाईवर चादर, चादरीवर माकड, माकडामागे घामाघूम बाप, आणि कोपऱ्यात तोंड फिरवून ठेवलेली बाहुली. तिनं पोरीला टेबलाखालून काढलं, कडेवर घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही हिच्याशी खेळताय की हिला माल विकताय?"

"म्हणजे? सगळी खेळणी काढून दाखवतोय! रोज!"

"दाखवताय. मलाही दाखवलीतच की. दिलंत कधी?"

काकांनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, उघडलेलं खोकं विकलं जात नाही. पण दुकान आता रंगाच्या डब्यांचं होतं आणि विकायचं कुणाला हेच त्यांना सुचेना. मुलगी म्हणाली, "मला रुसायचं नाहीये बाबा. वेळही नाहीये. उद्याची सकाळ बघते आणि संध्याकाळी आत्याला फोन करते. तिलाही तयारी करायला हवी." आणि ती पोरीचे कपडे बदलायला आत गेली.

रात्री काका जेवले नाहीत. आजीनं ताट झाकून ठेवलं. टोमणा तयार असूनही मारला नाही, यावरून काय ते समजा.

शेवटच्या सकाळी काकांनी दुकान मांडलं नाही. मुलगी आणि आजी बाहेर पडल्यावर त्यांनी स्टूल लावून माळ्यावरची सगळी खोकी खाली काढली आणि खेळणी भरायला बसले. फुगलेल्या माणसाला काहीतरी आवरायला लागतं, तसंच हे. "नको तर नको," ते पुटपुटत होते. "कुणावर जबरदस्ती थोडीच आहे? आम्ही आपले मूर्ख. जा म्हणावं आत्याकडे. आत्याकडे काय, सर्कस आहे?" एक खोकं चुकीचं निघालं म्हणून त्यांनी ते भिरकावलं, ते घरंगळत टेबलाखाली गेलं. आणखी दोन गेली. कोण उचलतंय!

तेवढ्यात दार वाजलं. शिंपी होता, आजींचं झंपर घेऊन आलेला आणि निकाल ऐकायला थांबलेला. "मग, जमलं का काही?" काकांनी झंपर हिसकावून घेतलं, "तुमची शिलाई कधी जमते ती?" असं सुनावलं आणि दार लावलं. वळून बघतात तो जमिनीवर बेडूक होता, माकड होतं, आगगाडी होती. अस्वल नव्हतं.

त्यांनी खुर्चीखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. मग गुडघ्यांची कुरकुर सोसत खाली बसले, खाली बसून भागेना म्हणून आडवे झाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टेबलावरच्या कपड्याची कड उचलून आत डोकावलं.

आत दुकान होतं.

तिन्ही खोकी ओळीनं मांडलेली. मागे गोगी बसलेली, पाठ ताठ, बाह्या सरसावलेल्या. एका खोक्याचं झाकण नीट बसलं नव्हतं आणि त्यातून लाल टोपीचं टोक डोकावत होतं. काकांनी हात पुढे केला.

"हात नको!"

अगदी काकांचाच आवाज, तोच शेवटचा झटका, फक्त आकारानं लहान. काकांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी हजारदा म्हटलं असेल, अंगावर कधी घेतलं नव्हतं. गंमत म्हणजे त्यांना ते लागलं! कान लाल झाले. आणि मग ध्यानात आलं, की पोर बोलली. आईच्या कानात नाही, चक्क त्यांच्या तोंडावर.

आता इथं शहाणपणा करून काही बोलले असते तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. पण पोटावर पडलेल्या माणसाला फारसं शहाणपण सुचत नाही. ते हळूच म्हणाले, "बरं बाई. लांबूनच दाखवा."

गोगीनं त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं. गिऱ्हाईक घेण्यातलं आहे की नुसतं चौकशीचं, हे बघायची हीच काकांची पद्धत. मग झाकण उचललं, लगेच लावलं. "खास पत्रा," ती म्हणाली. "पुढचं घरी जाऊन बघ."

"अहो, पण मला काहीच दिसलं नाही!"

"घरी जाऊन बघ."

"अजून एकदा!" काका म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून थक्क झाले. तो आवाज त्यांनी काउंटरच्या पलीकडून जन्मभर ऐकला होता. "फक्त एकदा. मी हात नाही लावणार, शप्पथ."

गोगीला दया आली असावी. किंवा ती त्यांच्याइतकी मुरलेली नव्हती. तिनं अस्वल बाहेर काढलं, मांडीत धरलं आणि चावी फिरवायला लागली. अर्धी झाली. काकांची बोटं आपोआप वळली, इथंच थांबायचं. पोर थांबली नाही. तिला अर्धी म्हणजे काय ते कोण सांगणार? जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी, कटकट कटकट ती पिळतच राहिली. स्प्रिंग तुटणार! इतकी वर्षं जपलेला नमुना! "हा..." एवढं तोंडातून निघालं. गोगीनं दचकून वर पाहिलं, हात थांबले, मान आत जायला लागली.

काकांनी जीभ चावली, अगदी खरोखरची चावली, डोळ्यांत पाणी आलं. "हा... हाणा," ते म्हणाले. "हाणा बाई, भरा अजून."

चावी फिरेनाशी झाली तेव्हा तिनं अस्वल खाली ठेवलं. अस्वलानं ढोल बडवायला सुरुवात केली. काकांच्या ओळखीचा भाग संपला, अस्वल थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही. बडवतच राहिलं, मग हळू झालं, आतून काहीतरी खट् झालं, आणि अस्वलानं एक हात ढोलावरून उचलला, डोक्यावरची लाल टोपी काढली, कमरेत वाकलं आणि टोपी परत घातली.

गोगी खुदकन हसली. काका मात्र हसले नाहीत. त्यांचा आ वासला होता, दुकानाच्या पायरीवर पोरांचा वासायचा तसाच.

"पुन्हा," ते म्हणाले.

मुलगी आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत कपाट सताड उघडं, कुलूप जमिनीवर, आणि टेबलाखालून बापाचे दोन पाय बाहेर आलेले. ती धावलीच. "बाबा! काय झालं?"

काकांनी कपड्यातून डोकं बाहेर काढलं. केस उभे, चष्मा कपाळावर. "अगं, हे टोपी काढतं!" ते ओरडले. "शेवटी टोपी काढून नमस्कार करतं! मला माहीतच नव्हतं!"

मुलगी तिथंच जमिनीवर बसली. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही जेवायला घरी जायचात तेव्हा मालक मला काउंटरखाली आणून द्यायचे. म्हणायचे, पूर्ण भर, पण बाबांना सांगू नकोस. तुम्ही यायच्या आत पुसून ठेवायचे मी, बोटं दिसू नयेत म्हणून."

एवढ्या कडक पहाऱ्यात, आपल्याच पायाशी चोरून खेळलेली पोर काकांच्या समोर बसली होती, आणि त्या चोरीत तिचा साथीदार कोण, तर तो मालक, ज्याला ते दबकून चालायला लावायचे.

मुलीनं अस्वलासाठी हात पुढे केला. गोगीनं अस्वल छातीशी धरलं आणि आजोबांकडे पाहिलं. दुकानातला जुना माणूस काय म्हणतो, हे विचारून घ्यायला नको?

"देऊ?" तिनं विचारलं.

"दे," काका म्हणाले. "दे तिच्या हातात. तिचंच आहे. माझंच द्यायचं राहिलं होतं."

मुलीनं चावी दिली, पूर्ण दिली. टोपी निघाली, घातली गेली. मग तिनं डोळे पदरानं टिपले आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "सोमवारी किती वाजता आणून सोडू हिला?" आत्याचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

आता काकांच्या सकाळी टेबलाखाली जातात. खालचा शिंपी येऊन पाय बघून जातो. कपाटाची किल्ली दोऱ्यासकट गोगीच्या गळ्यात असते. काकांना एखादं खेळणं हवं असलं तर तिला विचारावं लागतं, आणि तिची मर्जी असली तर मिळतं. नसली तर ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

"हात नको," म्हणते.